जुन्या गाडीत ई-२० पेट्रोल: अ‍ॅव्हरेज किती घटते, गाडीवर काय परिणाम होतो आणि काळजी कशी घ्यावी

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात सिल्लोड, कन्नड, फुलंब्री, वैजापूर या तालुक्यांत खरिपात मका मोठ्या प्रमाणावर घेतला जातो. पैठण, गंगापूर भागात ऊस आहे. ही दोन्ही पिके आज इथेनॉलचा कच्चा माल आहेत. कारखान्यातून किंवा डिस्टिलरीतून निघालेले हे इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळून शेवटी शेतकऱ्याच्याच दुचाकीत, जुन्या मारुतीत किंवा फवारणी पंपात येते. त्यामुळे या विषयात शेतकरी माल पुरवणाराही आहे आणि गिऱ्हाईकही आहे.

‘नव्या पेट्रोलने गाडी बसली’, ‘अ‍ॅव्हरेज निम्म्यावर आले’, ‘पेट्रोलमध्ये पाणी निघाले’ अशा तक्रारी गावोगावी ऐकू येतात. दुसऱ्या बाजूने ‘काहीच फरक पडत नाही’ असेही सांगितले जाते. दोन्ही बोलणी पूर्ण खरी नाहीत. अ‍ॅव्हरेज घटते, पण ते किती घटते याला हिशोब आहे. गाडीचे खरे नुकसान बहुतेक वेळा टाकीत शिरलेले पाणी, कडक झालेले रबरी भाग आणि महिनोन्‌महिने तसेच पडून राहिलेले पेट्रोल यांतून होते. हे तिन्ही रोखणे आपल्या हातात आहे.

ट्रॅक्टर आणि डिझेल इंजिने या विषयाबाहेर आहेत. पंपावर मिळणाऱ्या डिझेलमध्ये इथेनॉल मिसळलेले नसते. ही माहिती पेट्रोलवर चालणाऱ्या कार, दुचाकी, फवारणी पंप, ग्रासकटर, पॉवर वीडर आणि छोट्या जनरेटरसाठी आहे.

ई-२० म्हणजे काय?

ई-२० म्हणजे ८० टक्के पेट्रोल आणि २० टक्के इथेनॉल यांचे मिश्रण. एका लिटरमध्ये साधारण २०० मिली इथेनॉल असते. हे मिश्रण पंपचालक करत नाही. ते तेल कंपन्यांच्या डेपोत होते आणि तयार इंधन टँकरने पंपावर येते. म्हणून इथेनॉलचे प्रमाण जास्त का, यासाठी पंपावरच्या माणसाशी भांडून उपयोग नाही. पंपाच्या भूमिगत टाकीत पाणी जाऊ न देणे ही मात्र पंपचालकाची जबाबदारी आहे.

इथेनॉल मिसळण्याची सुरुवात आपल्या शेजारूनच झाली. २००१ मध्ये देशात जे पथदर्शी प्रयोग झाले, त्यांत महाराष्ट्रातील मिरज आणि मनमाड ही ठिकाणे होती. जानेवारी २००३ पासून ५ टक्के मिश्रणाचा कार्यक्रम सुरू झाला. जून २०२२ मध्ये देशाची सरासरी १० टक्क्यांवर पोहोचली. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी बंगळुरू येथे ई-२० पेट्रोलची विक्री सुरू झाल्याचे जाहीर झाले आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांचे उद्दिष्ट गाठले गेले. आधी हे उद्दिष्ट २०३० साठी होते, ते पाच वर्षे अलीकडे आणले गेले.

इथेच जुन्या गाड्यांची अडचण आहे. इंधन लवकर बदलले, पण गाड्या तितक्या लवकर बदलत नाहीत. ई-२० सोसणारे भाग असलेल्या गाड्या एप्रिल २०२३ पासून आणि ई-२० साठी इंजिनाची जुळणी केलेल्या गाड्या एप्रिल २०२५ पासून बाजारात याव्यात, असे नियोजन होते. गावात फिरणाऱ्या बहुतेक गाड्या त्याआधीच्या आहेत.

अ‍ॅव्हरेज का घटते?

याचे कारण सोपे आहे. एक लिटर पेट्रोल जाळल्यावर साधारण ३२ मेगाज्यूल उष्णता मिळते, तर एक लिटर इथेनॉल जाळल्यावर साधारण २१ मेगाज्यूल. म्हणजे लिटरमागे इथेनॉलमध्ये सुमारे एक तृतीयांश ताकद कमी असते. आता मिश्रणाचा हिशोब करू:

• शुद्ध पेट्रोल: लिटरमागे सुमारे ३२ मेगाज्यूल
• ई-१०: लिटरमागे सुमारे ३१ मेगाज्यूल, म्हणजे ३ ते साडेतीन टक्के कमी
• ई-२०: लिटरमागे सुमारे ३० मेगाज्यूल, म्हणजे साडेसहा ते सात टक्के कमी

जनावराला नेहमीच्या पेंडीत भुसा मिसळून दिला, तर तेवढ्याच दुधासाठी खुराक वाढवावा लागतो. इंजिनाचेही तसेच आहे. तेवढ्याच कामासाठी त्याला थोडे जास्त इंधन लागते.

नीती आयोगाने जून २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इथेनॉल आराखड्यात अ‍ॅव्हरेजमधील घट पुढीलप्रमाणे दिली आहे:

• शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या व ई-१० साठी जुळवलेल्या चारचाकी: ६ ते ७ टक्के
• त्याच प्रकारच्या दुचाकी: ३ ते ४ टक्के
• ई-१० साठी बनवलेल्या व ई-२० साठी जुळवलेल्या चारचाकी: १ ते २ टक्के

पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिलेल्या खुलाशात शेवटच्या गटासाठी १ ते २ टक्के आणि बाकीच्या गाड्यांसाठी सुमारे ३ ते ६ टक्के घट मान्य केली आहे. म्हणजे ‘फरकच नाही’ हे सरकारी कागदही सांगत नाहीत. त्याचबरोबर ‘अ‍ॅव्हरेज निम्म्यावर आले’ याला इथेनॉल हे कारण होऊच शकत नाही. ती गाडी दुसऱ्या कशाने तरी आजारी आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ई-२० येण्याआधी आपण शुद्ध पेट्रोल भरत नव्हतो. पंपावर ई-१० होते. म्हणून मागच्या दोन-तीन वर्षांच्या अनुभवाशी तुलना करताना फरक साधारण साडेतीन टक्क्यांच्या आसपास दिसला पाहिजे.

रुपयांत हा फरक किती?

समजा, तुमची जुनी कार आधी लिटरला १६ किमी देत होती आणि वर्षाला ९,६०० किमी चालते. पेट्रोल १०५ रुपये लिटर धरू.

• आधीचे पेट्रोल: ६०० लिटर
• अ‍ॅव्हरेज साडेतीन टक्के घटल्यास सुमारे १५.४ किमी: वर्षाला साधारण २२ लिटर जास्त, म्हणजे सुमारे २,३०० रुपये
• अ‍ॅव्हरेज ६ टक्के घटल्यास सुमारे १५ किमी: वर्षाला साधारण ३८ लिटर जास्त, म्हणजे सुमारे ४,००० रुपये

दुचाकी ५० किमी देत असेल, वर्षाला ८,००० किमी फिरत असेल आणि साडेतीन टक्के घट धरली, तर जादा पेट्रोल सुमारे ६ लिटर आणि जादा खर्च साधारण ६०० रुपये होतो.

हा खर्च छोटा वाटला तरी तो खरा आहे आणि तो गाडीमालकाच्याच खिशातून जातो. २०२१ च्या आराखड्यात या घटीची भरपाई म्हणून ई-१० व ई-२० पेट्रोलवर करसवलतीचा विचार करावा, तसेच जुन्या गाड्यांसाठी ई-१० पेट्रोल २०२५ पर्यंत उपलब्ध ठेवावे, असे सुचवले होते. प्रत्यक्षात पंपावर ई-२० स्वस्त मिळत नाही. मंत्रालयाच्या म्हणण्यानुसार इथेनॉलची सरासरी खरेदी किंमत वाहतूक व जीएसटी धरून जुलै २०२५ अखेर लिटरला ७१.३२ रुपये होती आणि ती शुद्धीकरण केलेल्या पेट्रोलच्या किमतीपेक्षा जास्त होती. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मिळावा, यासाठीची जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. त्यामुळे आहे त्या इंधनावर जुनी गाडी नीट कशी चालवायची, हाच व्यवहाराचा प्रश्न उरतो.

मक्याचा आणि टाकीचा हिशोब

एक टन मक्यापासून साधारण ३८० लिटर इथेनॉल निघते. ई-२० च्या एका लिटरमधील २०० मिली इथेनॉल मक्यापासून बनले असेल, तर त्यासाठी सुमारे अर्धा किलो मका लागला. उसाचा सगळा रस इथेनॉलला वापरला तर एका टनातून साधारण ७० लिटर मिळते. म्हणजे तेवढ्याच इथेनॉलला जवळपास तीन किलो ऊस लागतो.

वर्षाला ६०० लिटर पेट्रोल भरणाऱ्या वरच्या कारमध्ये १२० लिटर इथेनॉल जाते. ते सगळे मक्याचे धरले तर तीन क्विंटलपेक्षा थोडा जास्त मका एका कारमध्ये वर्षभरात जळतो. २०२५-२६ च्या २,४०० रुपये हमीभावाने त्याची किंमत सुमारे ७,६०० रुपये होते. मक्याला हा नवा गिऱ्हाईक मिळाला, हा इथेनॉलचा शेतीला झालेला फायदा आहे. मात्र बाजारात हमीभाव मिळेलच असे नाही. २०२४-२५ हंगामासाठी तेल कंपन्यांचा मक्याच्या इथेनॉलचा खरेदी दर लिटरला ७१.८६ रुपये होता. म्हणजे एका टन मक्यातून साधारण २७,३०० रुपयांचे इथेनॉल निघते. त्यात मक्याची किंमत, इंधन, मजुरी हे सगळे बसवायचे असते. जोडीला उरलेल्या चोथ्यापासून होणाऱ्या पशुखाद्याचे पैसे मिळतात. डिस्टिलरी मक्याला किती भाव देऊ शकते, याचा अंदाज यावरून येतो.

कोणत्या गाडीला किती त्रास?

१. कार्बोरेटरच्या गाड्या: मारुती ८०० आणि ओम्नीची जुनी मॉडेल्स, प्रीमियर पद्मिनी, तसेच एप्रिल २०२० ला बीएस-६ नियम येण्यापूर्वीच्या बहुतेक दुचाकी या गटात येतात. कार्बोरेटरला इंधन बदलले हे कळत नाही. तो ठरलेल्या छिद्रातून ठरलेलेच इंधन सोडतो. शुद्ध पेट्रोलला एक किलोमागे १४.७ किलो हवा लागते, तर ई-२० ला साधारण साडेतेरा किलो पुरते. म्हणजे तेवढ्याच हवेत सात-आठ टक्के जास्त इंधन हवे असते. ते न मिळाल्याने मिश्रण पातळ पडते. गाडी गुचके मारते, पिकअप कमी वाटतो, थंडीत सकाळी चोकशिवाय सुरू होत नाही आणि कन्नडच्या घाटासारख्या चढावर इंजिन जास्त तापते.

२. जुन्या इंजेक्शनच्या कार: साधारण २००० ते २०२३ या काळातील बहुतेक पेट्रोल कार या गटात आहेत. यांच्या सायलेन्सरच्या पाइपात ऑक्सिजन सेन्सर असतो. तो पाहून कॉम्प्युटर इंधन वाढवतो. त्यामुळे गाडी चालवताना फरक फारसा जाणवत नाही, फक्त अ‍ॅव्हरेज कमी येते. सेन्सर खराब असेल तर मात्र गाडीचा अंदाज चुकतो आणि अ‍ॅव्हरेज एकदम खाली येते. मीटरवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला असेल, तर आधी तो दोष काढून घ्यावा.

३. गॅस किटच्या गाड्या: एलपीजी किंवा सीएनजीवर चालणाऱ्या जुन्या ओम्नी, वॅगनआरच्या टाकीत थोडेसे पेट्रोल महिनोन्‌महिने पडून असते. या गाड्यांना अ‍ॅव्हरेजपेक्षा शिळ्या, ओल धरलेल्या पेट्रोलचा त्रास जास्त होतो.

४. शेतीची छोटी यंत्रे: फवारणी पंप, ग्रासकटर, चेन सॉ यांत साधा कार्बोरेटर असतो आणि ती वर्षातले कितीतरी महिने बंद असतात. म्हणून सर्वांत जास्त बिघाड याच यंत्रांत दिसतात.

ई-२० चा एक गुणही आहे. त्याचा ऑक्टेन आकडा ९५ आहे, साध्या पेट्रोलचा ९१ असतो. त्यामुळे चढावर ठोका देणारे, आत कार्बन साचलेले जुने इंजिन कमी ठोकते. पण जास्त ऑक्टेनचा पूर्ण फायदा घ्यायला इंजिनाचा दाब जास्त हवा आणि त्याचे टायमिंग तसे जुळवलेले हवे. जुन्या इंजिनात ते नसते, म्हणून त्यातून ताकद वाढत नाही.

आपली गाडी कोणत्या गटातली, हे गाडीच्या माहितीपुस्तिकेत किंवा पेट्रोलच्या झाकणाजवळच्या स्टिकरवर पाहावे. गाडीला ई-१० की ई-२० चालते हे उत्पादकाने सांगावे आणि तसे स्टिकर लावावे, असा नियम २०२१ मध्ये झाला.

अ‍ॅव्हरेज कसे मोजावे?

अंदाजाने किंवा काट्यावरून अ‍ॅव्हरेज ठरवू नये. टाकी ते टाकी पद्धत वापरावी.

• टायरमध्ये पुस्तिकेत दिल्याप्रमाणे हवा भरावी.
• टाकी फुल्ल करावी. नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडले की थांबावे. मीटरचा आकडा लिहून ठेवावा.
• कारने किमान २५० ते ३०० किमी नेहमीसारखा प्रवास करावा.
• त्याच पंपावर, त्याच पद्धतीने पुन्हा टाकी फुल्ल करावी. किती लिटर बसले ते पावतीवर पाहावे.
• किलोमीटरला लिटरने भागावे. उदाहरणार्थ, २९६ किमीला १९.४ लिटर बसले तर अ‍ॅव्हरेज सुमारे १५.२६ किमी.
• असे तीन वेळा करून सरासरी काढावी. एका टाकीवरून निष्कर्ष काढू नये.

घट ७ टक्क्यांपर्यंत असेल तर ती इंधनाची समजावी. घट १० टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर इथेनॉलवर खापर न फोडता पुढील गोष्टी तपासाव्यात: एअर फिल्टर, प्लग, कमी हवा, जॅम झालेला ब्रेक, घसरणारी क्लच प्लेट, ऑक्सिजन सेन्सर, पेट्रोल पाइपची गळती आणि एसीचा वापर. खरिपात धुळीच्या रस्त्याने आणि चिखलातून फिरणाऱ्या गाड्यांत एअर फिल्टर व ब्रेक ही दोन कारणे नेहमी सापडतात.

पाणी: खरा शत्रू

इथेनॉल पाणी ओढून घेते. थोडे पाणी ते स्वतःत सामावून घेते आणि इंजिनातून जाळूनही टाकते. पण पाणी मर्यादेबाहेर गेले की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात. हा थर जड असल्याने टाकीच्या तळाशी बसतो, आणि गाडीचा पेट्रोल पंप तळातूनच इंधन ओढतो. गाडी अचानक बंद पडते आणि पुन्हा सुरू होत नाही. गॅरेजमध्ये टाकी खोलली की ‘पेट्रोलमध्ये पाणी निघाले’ म्हणतात ते हेच.

शुद्ध पेट्रोलमध्येही पाणी तळाशी बसायचेच, पण चमचाभर असायचे. आता तेवढ्याच पाण्यासोबत इथेनॉलही खाली येते, म्हणून थर मोठा दिसतो. अशा वेळी वरून नवीन पेट्रोल ओतून गाडी चालवू नये. टाकी, पाइप आणि कार्बोरेटर पूर्ण रिकामे करून नवे इंधन भरावे. वर राहिलेल्या पेट्रोलमधून इथेनॉल निघून गेल्याने त्याचा ऑक्टेनही घटलेला असतो, तेही वापरू नये.

पाणी टाकीत जाऊ नये म्हणून:

• पावसाळ्यात टाकी अर्ध्यापेक्षा कमी ठेवू नये. रिकाम्या जागेतील दमट हवेचे पाणी टाकीत उतरते.
• पेट्रोलच्या झाकणाचे रबर चिरलेले असेल तर लगेच बदलावे. गाडी धुताना झाकणावर पाण्याचा जोर मारू नये.
• जोरदार पावसानंतर लगेच पंपावर टाकी फुल्ल करण्याची घाई करू नये. शंका आल्यास भूमिगत टाकीतील पाण्याची तपासणी आणि घनतेची नोंद दाखवण्यास सांगावे. भरल्या भरल्या गाडी बंद पडल्यास पावती जपून ठेवावी व पंपावर लेखी तक्रार करावी.
• शेतावर पेट्रोल ठेवायचेच असेल तर थोडे, धातूच्या घट्ट झाकणाच्या डब्यात आणि सावलीत ठेवावे. उघड्या तोंडाच्या प्लॅस्टिक बाटलीत ठेवू नये.

कोणते भाग तपासावेत?

इथेनॉल काही प्रकारचे रबर फुगवते किंवा कडक करते. जस्त, पितळ, अ‍ॅल्युमिनियम यांसारख्या धातूंना, विशेषतः सोबत पाणी असेल तर, ते गंज आणते. शिवाय ते जुन्या टाकीतील चिकट गाळ सोडवते आणि तो फिल्टरमध्ये येऊन अडकतो. मंत्रालयाच्या खुलाशातही काही जुन्या गाड्यांत २० ते ३० हजार किमी वापरानंतर काही रबरी भाग व गॅस्केट बदलावे लागू शकतात, असे म्हटले आहे.

सर्व्हिसिंगच्या वेळी मिस्त्रीला पुढील भाग दाखवायला सांगावे:

• रबरी पेट्रोल पाइप: दाबून पाहावा. भेगा, फुगीरपणा, चिकटपणा किंवा पेट्रोलचा ओलावा असेल तर बदलावा. नवा पाइप इंधनासाठीचा व इथेनॉल चालणाराच घ्यावा. पाण्याचा साधा पाइप बसवू नये.
• पेट्रोल फिल्टर: स्वस्त भाग आहे. जुन्या गाडीत एकदा लवकर बदलून टाकावा.
• कार्बोरेटरचा किट: नीडल, गॅस्केट, ओ-रिंग आणि डायफ्राम.
• मारुती ८०० सारख्या गाडीत इंजिनाला लागलेल्या पेट्रोल पंपाचा पडदा.
• इंजेक्शनच्या गाडीत इंजेक्टरचे ओ-रिंग. तिथे पेट्रोलचा वास येत असेल तर गाडी चालवू नये, आगीचा धोका असतो.
• लोखंडी टाकीतील गंज. गंजलेली टाकी साफ न करता नुसते फिल्टर बदलत राहिल्यास खर्च वाढतो.

कार्बोरेटरच्या गाडीत मिश्रण थोडे जाड करून घ्यावे. फक्त हवेचा स्क्रू फिरवल्याने उभ्या गाडीचे फायरिंग सुधारते. चालत्या गाडीला फरक पडण्यासाठी मुख्य जेट एका मापाने मोठा लावावा लागतो. हे काम जाणकार मिस्त्रीकडूनच करावे. नंतर प्लग काढून पाहावा. विटकरी-करडा रंग योग्य, पांढरा पडला असेल तर मिश्रण पातळ, काळी काजळी असेल तर जास्त जाड.

एप्रिल-मे महिन्यांत, पारा चाळिशीच्या पुढे असताना, थांबून पुन्हा सुरू केलेली कार्बोरेटरची कार काही वेळा सुरू होत नाही. पाइपात पेट्रोलची वाफ अडकल्याने असे होते. बॉनेट उघडून १०-१५ मिनिटे थांबावे. पेट्रोल पाइप सायलेन्सरच्या गरम भागाला टेकत असेल तर तो दूर बांधावा.

फवारणी पंप आणि ग्रासकटरची काळजी

• हंगाम संपला की टाकी रिकामी करावी. मग यंत्र सुरू करून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, म्हणजे कार्बोरेटरमधील पेट्रोलही संपते.
• पंधरा दिवसांपेक्षा जास्त यंत्र वापरणार नसाल तरी हेच करावे.
• टू-स्ट्रोक यंत्रात ऑइलचे प्रमाण उत्पादकाने दिले तेवढेच ठेवावे. इंजिन तापते म्हणून ऑइल वाढवल्यास पेट्रोलचा वाटा कमी होऊन मिश्रण आणखी पातळ पडते.
• ऑइल मिसळलेले पेट्रोल आठवड्याला लागेल तेवढेच तयार करावे.
• फवारणीच्या जागी, पाण्याच्या टाकीशेजारी पेट्रोल भरताना यंत्राच्या टाकीत पाणी उडणार नाही याची काळजी घ्यावी.

घरच्या घरी इथेनॉल किती ते पाहण्याची पद्धत

कृषी सहायक किंवा शेतकरी गटाला प्रात्यक्षिक दाखवता येते. काचेच्या १०० मिली मोजपात्रात १० मिली पाणी घ्यावे. त्यावर १०० च्या खुणेपर्यंत पेट्रोल भरावे. तोंड बंद करून हलवावे, दाब सोडावा आणि दहा मिनिटे स्थिर ठेवावे. इथेनॉल पाण्यात उतरते आणि खालचा थर वाढतो. ई-२० असेल तर हा थर साधारण २८ मिलीच्या आसपास येतो, कारण ९० मिली पेट्रोलमध्ये सुमारे १८ मिली इथेनॉल असते. ही ढोबळ चाचणी आहे. ती मोकळ्या हवेत, विस्तवापासून दूर करावी आणि वापरलेले पेट्रोल पुन्हा गाडीत ओतू नये. खालचा थर वाढला म्हणजे पेट्रोलमध्ये भेसळ आहे, असा अर्थ काढू नये.

काही गैरसमज

• ‘ई-२० ने विमा रद्द होतो.’ मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये हे निराधार असल्याचे स्पष्ट केले आहे.
• ‘प्रीमियम पेट्रोलमध्ये इथेनॉल नसते.’ नाव प्रीमियम असले म्हणून इथेनॉल नसते असे नाही. पंपावरचे लेबल पाहावे.
• ‘ब्राझीलमध्ये चालते, मग आपल्याकडे का नाही?’ ब्राझीलमध्ये अनेक वर्षे २७ टक्के मिश्रण होते आणि ऑगस्ट २०२५ पासून ते ३० टक्के झाले. पण तिथल्या गाड्या कित्येक वर्षांपासून त्याच इंधनासाठी बनवल्या जातात. आपल्या २००८ च्या गाडीला ते उदाहरण जसेच्या तसे लागू होत नाही.
• ‘टाकीत रॉकेल किंवा बाजारातले कोणतेही औषध टाकले की अ‍ॅव्हरेज वाढते.’ रॉकेल टाकू नये, त्याने इंजिन ठोकते व प्लग खराब होतो. औषधाने इथेनॉलची कमी असलेली उष्णता भरून निघत नाही.

वर्षाचे वेळापत्रक

• मे अखेर: झाकणाचे रबर, पेट्रोल पाइप, फिल्टर तपासणे.
• जून ते सप्टेंबर: टाकी अर्ध्यापेक्षा जास्त ठेवणे, आठवड्यातून एकदा तरी गाडी फिरवणे, एअर फिल्टर साफ करणे.
• ऑक्टोबर-नोव्हेंबर: फवारणी यंत्रे रिकामी करून ठेवणे, कार्बोरेटर साफ करणे.
• डिसेंबर-जानेवारी: चोक व बॅटरी तपासणे, थंडीत सुरू होण्यासाठी प्लग बदलणे.
• गॅस किटच्या गाड्या: दर आठवड्याला काही किलोमीटर पेट्रोलवर चालवणे.

गाडीला १५ वर्षे होत आली असतील, तर आरटीओत नोंदणीचे नूतनीकरण करण्यापूर्वी पाइप, पंपाचा पडदा, टाकी आणि कार्बोरेटर यांचा एकत्र खर्च मिस्त्रीकडून लिहून घ्यावा. त्यात वर्षाचे दोन ते चार हजार रुपयांचे जादा पेट्रोल मिळवावे आणि मग गाडी ठेवायची की बदलायची हे ठरवावे. महिन्याला दोन-तीनदाच बाहेर निघणाऱ्या गाडीत अ‍ॅव्हरेजचे नुकसान किरकोळ असते, तिच्या टाकीकडे लक्ष द्यावे. रोज बाजार समितीला किंवा दूध संकलन केंद्रावर जाणाऱ्या गाडीत मात्र अ‍ॅव्हरेजचा हिशोब दर महिन्याला वहीत लिहावा.